रांगेत उभे राहणे आणि वाट पाहणे

(उत्सवाच्या पूर्वतयारीसाठी भरलेल्या मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



सभेपुढे बोलायची आम्हा दोघांना सवय नाही. आमच्यापैकी एक जण लोकनिर्माण विभागात उपयंत्री. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन नोकरीला लागला, आणि तेव्हापासून नाल्या, पुलिया आणि शाळांच्या खोल्या मोजतो आहे. दुसरी घर सांभाळते आणि आमच्या धाकट्याची शाळा, थेरपी, डबा सगळे बघते. हे टिपण दोघांनी मिळून तयार केले आहे, म्हणून सगळीकडे 'आम्ही' म्हणतो.

आमच्या धाकट्याला तुम्ही सगळे ओळखता. त्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता आहे. धावतो, पळतो, सायकल चालवतो. बघणाऱ्याला वाटते की याला काय झाले आहे? पण गर्दी, कर्णकर्कश आवाज आणि 'अजून किती वेळ' हे न कळता उभे राहणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या की तो कानांवर हात ठेवून जमिनीवर बसतो. मग त्याला उठवणे आमच्या हातात राहत नाही.

मागच्या दिवाळीच्या सुटीत आम्ही सगळे मिळून एका मोठ्या मनोरंजन उद्यानात गेलो होतो. दादा-वहिनी, त्यांची मुले, आत्या, आमची मोठी आणि आम्ही तिघे, असे नऊ जण. पहिल्याच पाळण्याला लांबच लांब रांग. लोखंडी कठडे लावून केलेली, सापासारखी वळणे घेणारी. आम्ही तिथल्या मुलाला अपंगत्वाचे प्रमाणपत्र दाखवले. तो म्हणाला, "पण याला तर चालता येतं." त्याचेही बरोबर. त्याला कोणी शिकवलेच नव्हते. वीस मिनिटांनी धाकटा कठड्यांच्या मध्येच खाली बसला. मागचे लोक म्हणू लागले, "पोराला वळण नाही." कोणीतरी मोबाइलही काढला.

मग एक पर्यवेक्षक आला. भला माणूस होता. त्याने प्रमाणपत्र वाचले आणि आम्हाला बाहेर पडायच्या दाराने थेट पाळण्यापर्यंत नेले. नऊच्या नऊ जणांना.

इथपर्यंत ही आमच्या त्रासाची गोष्ट होती. इथून पुढची आमच्या चुकीची आहे.

त्या दिवशी नंतर आम्ही कुठेच रांग लावली नाही. प्रत्येक खेळाला प्रमाणपत्र दाखवायचे आणि नऊ जण आत. दुपारनंतर धाकटा दमला आणि आत्याजवळ झाडाखाली झोपला, तरी पुतण्या प्रमाणपत्र घेऊन दोन खेळ खेळून आला. आम्हाला ते कळले, आणि आम्ही हसलो. संध्याकाळी एका पाळण्याजवळ आम्ही पुढे जात असताना, खांद्यावर लहान मुलगी घेतलेले एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, "भाऊसाहेब, आम्ही सव्वा तास उभे आहोत." आम्ही मान खाली घालून पुढे गेलो. परतताना गाडीत सौ. म्हणाली, "आज आपण सर्टिफिकेट वापरलं की पोराला वापरलं?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता हे भाषण तयार झाले.

मेहुणे कॅलिफोर्नियात असतात. त्यांना फोनवर सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अहो, तुम्ही एका दिवसात जे केलंत त्यावरून इकडे दहा वर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या आहेत." मग त्यांच्याकडून समजून घेतले, स्वतःही वाचले. ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्यापुढे जो प्रश्न आहे तो तिथे आधीच येऊन गेला आहे.

अमेरिकेत १९९० साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. खासगी मालकीचे असले तरी जिथे सर्व जनतेला प्रवेश आहे, अशा ठिकाणी अपंग व्यक्तीसाठी वाजवी बदल करणे बंधनकारक झाले. मात्र त्या बदलाने धंद्याचे मूळ स्वरूपच बदलत असेल तर तो करावा लागत नाही. डिस्नेच्या उद्यानांत त्या काळी एक कार्ड मिळत असे. ते दाखवले की वेगळ्या दाराने आत जाता येई, आणि बहुतेक वेळा फारसे थांबावे लागत नसे. हेतू चांगला होता. पण २०१३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने बातमी छापली की काही श्रीमंत कुटुंबे एखाद्या अपंग व्यक्तीला तासाच्या भाड्याने सोबत नेतात आणि तिच्या कार्डावर सगळे घर रांग टाळते. भाव होता तासाला १३० डॉलर. त्याच वर्षी ऑक्टोबरात डिस्नेने ते कार्ड बंद केले.

ही बातमी वाचताना आम्हाला आधी राग आला आणि मग शरम वाटली. त्यांनी अनोळखी माणूस भाड्याने घेतला, आम्ही घरचा मुलगा फुकट वापरला. फरक एवढाच.

कार्डाच्या जागी डिस्नेने जे आणले ते समजायला सोपे आहे, कारण आपण ते लहानपणी पाहिलेले आहे. रॉकेलच्या रांगेत आपला डबा ठेवून आई घरी स्वयंपाकाला यायची, आठवते का? डबा रांगेत, माणूस सावलीत. डब्याचा नंबर पुढे सरकत राहायचा. कोणी म्हणायचे नाही की या बाई मध्येच घुसल्या, कारण त्यांचा डबा पहाटेपासून तिथे होता. डिस्नेची नवी पद्धत साधारण अशीच. पाळण्याला त्या वेळी एक तासाची रांग असेल, तर अपंग व्यक्तीला साधारण तासाभरानंतरची वेळ दिली जाते. तेवढा वेळ तिने कुठेही बसावे, काही खावे, शांत कोपऱ्यात थांबावे. वेळ झाली की दुसऱ्या दाराने आत. इंग्लंडमधल्या काही मोठ्या उद्यानांतही हाच हिशेब आहे. एका खेळाच्या रांगेचा वेळ संपल्याशिवाय पुढच्या खेळाची परवानगी मिळत नाही.

आम्हाला यातून जी एक गोष्ट कळली, ती हीच. रांगेत उभे राहणे आणि वाट पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्या एकच समजतो, म्हणून भांडणे होतात. वाट पाहणे हे सर्वांचे सारखे कर्तव्य आहे. ते कोणी दुसऱ्याच्या डोक्यावर टाकू नये. पण उन्हात, गर्दीत, कठड्यांमध्ये उभे राहणे प्रत्येकाला सारखे जमत नाही. सवलत उभे राहण्यातून द्यायची, वाट पाहण्यातून नाही. असे केले की खोटे बोलणाऱ्याला मिळते काय? फार तर एक खुर्ची. एका खुर्चीसाठी कोण खोटे प्रमाणपत्र आणील?

पण हे इतके सरळ असते तर कोर्टात गेले नसते. नवी पद्धत आली तेव्हा अनेक ऑटिझम असलेल्या मुलांच्या कुटुंबांनी दावे लावले. त्यांचे म्हणणे असे की आमच्या मुलाला 'तासाभराने ये' ही कल्पनाच कळत नाही. पाळण्यासमोर नेऊन परत फिरवले की तो कोसळतो. शिवाय काही मुले ठरलेल्या क्रमानेच खेळ खेळतात. त्यांची मागणी होती की काही खेळांना तरी लगेच प्रवेश मिळावा. कंपनीने न्यायालयात मांडले की जुन्या कार्डाच्या काळात थोड्याशा कार्डधारकांच्या वाट्याला लोकप्रिय खेळांच्या फेऱ्यांचा फार मोठा हिस्सा जात होता, आणि तेच पुन्हा सुरू केले तर इतरांची रांग संपणारच नाही. २०१८ मध्ये वरच्या न्यायालयाने सांगितले की या मुलांची गरज काय आहे हे पुराव्यानिशी तपासा, दावा परस्पर निकालात काढू नका. पुढे त्यातल्या एका दाव्याची रीतसर सुनावणी होऊन २०२० साली फ्लोरिडातल्या न्यायाधीशांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला.

आम्ही त्या आईबापांच्या जागी आहोत, तरीही आम्हाला तो निकाल पूर्ण चूक वाटत नाही. आणि त्या आईबापांचे म्हणणेही खोटे वाटत नाही. आमचा धाकटा उद्यानात जेमतेम तीन तास टिकतो. बाकीचे लोक आठ तास असतात. सगळ्यांनी प्रत्येक खेळाला एकेक तास थांबायचे ठरवले, तर इतरांचे आठ खेळ होतील आणि याचे तीन. हे घड्याळाने समान आहे, पण खरोखर समान आहे का? आम्हाला वाटते की अशा मुलाला दिवसातून एक-दोन खेळ लगेच मिळावेत, बाकीचे वेळ घेऊन. नऊ माणसांना दिवसभर नव्हे. मुलाला आणि सोबतच्या एखाद-दोघांना.

तिसरी गोष्ट पैशाची. डिस्नेकडे १९९९ पासून सर्वांसाठी एक मोफत सोय होती. आधी वेळ घेऊन ठेवायची आणि त्या वेळी जवळच्या रांगेने जायचे. २०२१ मध्ये ती गेली आणि तिच्या जागी पैसे देऊन घ्यायची सोय आली. आता गंमत बघा. ज्या दाराने पैसे भरणारे जातात, त्याच दाराने अपंग व्यक्ती मोफत जातात. म्हणजे अपंगांच्या पासाला आपोआप किंमत आली. जिथे किंमत आली तिथे मोह आला. मग २०२४ च्या मे-जूनमध्ये नियम कडक झाले. व्हिडिओवर मुलाखत, खोटे आढळल्यास कायमची बंदी, आणि हा पास मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अपंगत्वापुरता. ज्यांना आतड्याचा, सांध्यांचा किंवा हृदयाचा विकार आहे, अशा अनेकांना सांगण्यात आले की रांगेतून बाहेर जाऊन परत यायची सोय वापरा. त्यांच्यातले कितीतरी लोक दुखावले. काही थोड्यांनी सोयीचा गैरफायदा घेतला आणि शिक्षा खऱ्या गरजूंना झाली. मागच्या दिवाळीत आम्ही त्या थोड्यांत होतो, हे आम्ही विसरलेलो नाही.

आपल्याकडेही मोठ्या देवस्थानांत पैसे भरून शीघ्र दर्शनाची रांग असतेच. त्याबद्दल आज बोलत नाही. पण एवढे लक्षात ठेवू या की रांग टाळणे ही विकायची वस्तू झाली, की व्हीलचेअरवरच्या आजीकडेही लोक संशयाने बघू लागतात.

आता आपल्या कायद्याचे. अपंग व्यक्तींचे हक्क कायदा २०१६ चा. त्यात २१ प्रकारची अपंगत्वे आहेत आणि स्वमग्नता त्यांपैकी एक. म्हणजे 'चालता येतं ना' हा प्रश्नच कायद्याने संपवला आहे. सांस्कृतिक जीवनात आणि मनोरंजनात इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याचा हक्क त्या कायद्याच्या २९ व्या कलमात आहे. वाजवी सोय म्हणजे काय, तर समोरच्यावर अवाजवी बोजा न पडता करता येणारा आवश्यक बदल, अशी व्याख्या आहे. आणि हेही ऐका. अपंगांसाठी असलेला लाभ फसवून घेतला तर ९१ व्या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. हे कलम वाचल्यावर घरी पुतण्याला बोलावून दाखवले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी राहून चालणार नाहीत, किमान काही गोष्टी बंधनकारक कराव्या लागतील.

आमच्या नोकरीतला अनुभव असा की पुष्कळशा सवलती मुळात बांधकाम चुकल्यामुळे द्याव्या लागतात. डिस्नेच्या १९५५ सालच्या पहिल्या उद्यानात कित्येक रांगांच्या वाटा इतक्या अरुंद की व्हीलचेअर वळतच नाही, म्हणून ती बाहेरच्या दाराने न्यावी लागते. नंतर बांधलेल्या खेळांच्या रांगा रुंद केल्या, आणि व्हीलचेअरवरची माणसे सगळ्यांच्या बरोबर त्याच रांगेतून जाऊ लागली. ना सवलत, ना संशय. रांगच नीट आखली, अधूनमधून बसायला बाक ठेवले, वर सावली केली आणि 'इथून अजून अर्धा तास' अशी पाटी लावली, तर वेगळी सोय मागणारे बरेच कमी होतील. ती पाटी आमच्या धाकट्यालाही पुष्कळ मदत करते. 'किती वेळ' हे कळले की त्याला निम्मा धीर येतो.

आता मंडळाकडे वळतो. आपले मंडळ म्हणजे काही मनोरंजन उद्यान नाही. पण दहा दिवसांत आपल्याकडेही रांगा लागतातच. दर्शनाची, महाप्रसादाची, आणि आनंद मेळ्यात मुलांच्या खेळांची. अनंत चतुर्दशीला झांक्या बघायला आपण दुपारीच रस्त्याच्या कडेला चटई टाकून जागा धरतो. म्हणजे माणसाऐवजी वस्तूने नंबर धरायची पद्धत आपल्याला परकी नाही. म्हणून आमच्या पाच सूचना आहेत.

पहिली, टोकन. बँकेत असते तसे. ज्याला उभे राहणे जमत नाही त्याने नंबर घ्यावा आणि बसावे. नंबर जेव्हा यायचा तेव्हाच येईल. कोणाचेही नुकसान नाही. यासाठी प्रमाणपत्र मागू नये. गुडघे दुखणाऱ्या आजी, दिवस गेलेली सून, डायलिसिसवर असलेले काका, सगळ्यांना चालेल.

दुसरी, टोकनवाल्यांसाठी मंडपाच्या डाव्या अंगाला दहा-बारा खुर्च्या आणि एक पंखा.

तिसरी, मंडपाच्या दोन पायऱ्यांवर उतार. पायऱ्या सहा-सहा इंचांच्या, म्हणजे एकूण एक फूट उंची. नियमाप्रमाणे एकास बारा उतार धरला तर बारा फूट लांबी लागते. दरवर्षी आपण तीन फुटांची फळी टिकवतो आणि चार पोरे व्हीलचेअर उचलतात. ते उचलणे प्रेमाचे असते, पण वर बसलेल्या माणसाला विचारा त्याचा जीव कुठे असतो. बारा फुटी उतार आणि दोन्ही बाजूंना कठडा आम्ही स्वतः उभे राहून करून घेऊ.

चौथी, सोबतची माणसे. ज्याला लगेच पुढे न्यायची खरोखर गरज आहे, त्याच्याबरोबर तिघांपेक्षा जास्त जण नकोत. बाकी घरच्यांनी रांगेने यावे. हा नियम सर्वांत आधी आमच्या घराला लावा.

पाचवी, स्वयंसेवकांनी "याला काय झालंय?" असे विचारू नये. "काय त्रास होतो? कशी मदत करू?" असे विचारावे. पहिला प्रश्न पंचासारखा आहे, दुसरा घरच्यासारखा.

कोणी म्हणेल, एवढे सगळे दोन-चार घरांसाठी? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या, आणि तेव्हा स्वमग्नतेसाठी वेगळा रकानाही नव्हता. आपल्या मंडळात दोन-चारच दिसतात, कारण बाकीचे येतच नाहीत. रांग बघून घरीच थांबतात. आणि वयाने आपण सगळेच त्या खुर्च्यांकडे चाललो आहोत.

शेवटी एकच सांगतो. आमच्या धाकट्याला आरती पूर्ण पाठ आहे. एक अक्षर चुकत नाही. पण गेली तीन वर्षे आम्ही त्याला दर्शनाला दुपारी दोन वाजता आणतो, जेव्हा मंडपात पुजारीबुवांशिवाय कोणी नसते. संध्याकाळी आरती चालू असते तेव्हा तो बाहेर, रस्त्यापलीकडे, स्कूटरवर बसून तिथूनच म्हणतो. ढोल-ताशाच्या आवाजात त्याचा आवाज कोणाला ऐकू येत नाही. आमची विनंती आहे की दहा दिवसांतली एक आरती ढोल आणि लाउडस्पीकरशिवाय, नुसत्या टाळांवर व्हावी. कोणता दिवस ते कार्यकारिणीने ठरवावे. आधी नीट सांगा, म्हणजे आम्ही कॅलेंडरवर खूण करून त्याला दाखवू. त्याला पुढे उभे करू नका. त्याचा नंबर लावा आणि त्याचा नंबर येईल तेव्हा हाक मारा. वाट पाहायला तो तयार आहे.



गणपती बाप्पा मोरया.